पाचवी पायरी

"कुत्रं देवाला चालत न्हाई," जालिंदर म्हणाला आणि त्यानं टिक्याच्या दिशेनं एक ढेकूळ भिरकावलं.

ढेकूळ लागलं नाही. टिक्यानं ते हुंगून बघितलं, खाण्यासारखं नाही अशी खात्री करून घेतली आणि पुन्हा माझ्या पायाशी येऊन बसला.

"मारू नका वो त्याला. न्हाई जायाचा त्यो माघारी," मी म्हणाले.

"मग बांध हितंच पायथ्याला."

"येऊ दे की," आत्या मागून म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावर देवाची काळी घोंगडी होती. "धारोबा मेंढक्यांचा देव. कुत्र्याबिगार मेंढका बगितलायस का कवा?"

जालिंदर हसला. हसला की तो फार छान दिसायचा, हे सांगून टाकते. लग्न ठरवून झालेलं असलं तरी मला तो आवडला होता. येताना एस्टीत त्यानं मला खिडकीची जागा दिली होती आणि आईवडलांची नजर चुकवून माझ्या तळहातावर लिमलेटची गोळी ठेवली होती. बोटं मात्र लगेच सोडली नव्हती.

आमच्या भागात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. डोंगर चढायला आम्ही एवढेच होतो. मामा पूजेची पिशवी घेऊन पुढं, त्यांच्यामागं जालिंदर, मग मी आणि शेवटी आत्या. एस्टीत माझ्या पायाशी लपून आलेला टिक्या कधी पुढं, कधी मागं. तो माझ्या माहेरचा कुत्रा, तांबूस, कपाळावर पांढरा टिकला. लग्नानंतर माझी पाठराखीण म्हणून धाकटी चुलती सासरी आली होती. तिचं पोट बिघडलं आणि ती दुसऱ्याच दिवशी परत गेली. त्यानंतर टिक्या आला. मधली गावं, ओढा, हमरस्ता पार करून कसा आला देव जाणे. दारात येऊन बसला तो बसलाच. "ही खरी पाठराखीण," असं आत्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याला भाकरी टाकली. त्या घरात मला पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा.

धारोबा ज्यांचं कुळदैवत, त्या घरांत एक रीत आहे. लग्न लागलं, हळद उतरली, तरी जोडी देवाला दाखवल्याशिवाय संसार सुरू होत नाही. डोंगराच्या माथ्याखाली कातळात कोरलेल्या पाच पायऱ्या आहेत. नवऱ्यानं बायकोला उचलून त्या पायऱ्या चढायच्या. पाचवी ओलांडली की समोर देवळाचं दार, म्हणजे देवानं बघितलं. तोवर दोघांनी एका खोलीत झोपायचं नाही. एरवी हे लग्नानंतर लगोलग उरकतात. आमच्या वेळी भावकीत एकापाठोपाठ दोन सुतकं आली आणि चैत्र उजाडला. तेवढे दिवस मी माजघरात आत्यांच्या शेजारी झोपले. त्या फार बोलत नसत. त्यांचा डावा हात कोपरात वाकलेलाच असे, सरळ होत नसे. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "पडले हुते. जुनं हाय." आणि कूस बदलली.

म्हणजे त्या दिवशी मी डोंगर चढत होते ती नुसती देवाला नव्हे. उतरल्यावर माझं अंथरूण माजघरातून उचललं जाणार होतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मीही केसांत मोगऱ्याचा गजरा माळला होता. जालिंदर चढता चढता वळून बघत होता आणि मी पदर सावरत होते.

"दमलीस?" त्यानं विचारलं.

"तुमीच दमला असाल. अजून उचलायचं हाय मला."

"तुला? ज्वारीचं पोतं उचलतो मी एका हातानं."

"पोतं बोलत न्हाई," मामा पुढून म्हणाले आणि दोघं बापलेक हसले. मीही हसले.

माथा जवळ आल्यावर वाट एका मोठ्या कड्याखालून जाते. सावली असते, गारवा असतो. मी बसायला दगड बघत होते तेवढ्यात आत्यांनी माझा दंड धरला आणि वर बोट दाखवलं. कड्याच्या पोटाला काळ्या घोंगड्या वाळत घातल्यासारखी मोहोळं लटकत होती. एक नाही, कितीतरी. मधूनच एखाद्या मोहोळाच्या अंगावरून लाट सरकल्यासारखी हालचाल व्हायची.

"आग्या माश्या," आत्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "चैतात असत्यात. बोलू नगा. गुमान पुढं चला."

जालिंदर थांबला. त्यानं खांद्यावरची पिशवी उतरवली आणि त्यातून सुतळी बॉम्ब काढले. जोडी आली की बार उडवायचा, हीपण रीतच. पण तो वर, देवळापुढच्या टेकावर.

"हितं न्हाई रं जालू," आत्या म्हणाल्या.

"हितंच. कड्याखाली घुमतोय आवाज. खाली गावात कळलं पायजे, जालिंदर बायकू घेऊन आला म्हणून."

"वर बग जरा. माश्या हायत."

"माश्यास्नी काय कान असत्यात?"

आत्यांनी मामांकडं बघितलं. मामांनी विडी पेटवली. पोराच्या हौसेपुढं बाईचं काय ऐकायचं, असं त्या विडीच्या धुरावर लिहिलेलं मला दिसलं. मी म्हणाले, "अवो, आत्या म्हणत्यात तर ऱ्हाऊ द्या की." तो माझ्याकडं वळला आणि त्याच्या तोंडावर मला ओळखू न येणारं काहीतरी येऊन गेलं. मग पुन्हा हसला.

"कुत्र्याला धर. पळंल आवाजानं."

मी धरायच्या आत त्यानंच टिक्याच्या गळ्याला दाव्याचा तुकडा अडकवला आणि बोराटीच्या खोडाला गाठीवर गाठ मारून बांधला. टिक्याला फटाक्यांची भीती. त्यानं शेपूट पोटाशी घेतलं आणि तोंड मिटून तो थरथरायला लागला. हे मी मुद्दाम सांगते आहे. तो भुंकला नाही.

पहिला बॉम्ब वाजला. कडाभर घुमला. जालिंदरनं माझ्याकडं बघून भुवई उडवली. दुसरा वाजला. तिसऱ्याला त्यानं बापाकडची विडी लावली तेव्हाच वरून आवाज यायला लागला होता. एखादी गिरणी सुरू व्हावी तसा, लांबून आणि मग एकदम डोक्यावर.

"पडा!" आत्या ओरडल्या. "पालथं पडा!"

उजेड कमी झाला, एवढं मला आठवतं. पहिला डंख मानेवर बसला. जळतं कोलीत टेकवल्यासारखा. दुसरा पापणीवर, मग मोजायचं कामच उरलं नाही. गजऱ्यात माश्या शिरल्या, केसांत शिरल्या, कानात त्यांचे पंख फडफडायला लागले. मामा उपरण्यात तोंड खुपसून करवंदीच्या जाळीखाली आडवे झाले होते. आत्यांनी आपल्या अंगावरची घोंगडी सोडवली आणि आमच्या दिशेनं फेकली.

"दोघं शिरा आत! दोघं!"

स्वतःला त्यांनी नुसत्या पदरात गुंडाळलं.

घोंगडी जालिंदरच्या हातात पडली. त्यानं ती डोक्यावरून ओढली, गुडघे पोटाशी घेतले आणि कडा आपल्याखाली दाबून टाकल्या. मी सरपटत त्याच्यापाशी गेले. घोंगडीचा काठ शोधला, ओढला.

"अवो, मला घ्या. अवो!"

आतून लाथ आली. माझ्या बरगडीत बसली.

"सर तिकडं! तुज्या वासानं आल्यात. गजरा घालून आलीया सटवी!"

मला वाटलं, घाबरला असेल. म्हणून पुन्हा काठ ओढला. दुसरी लाथ तोंडावर बसली. खालचा ओठ दातांवर फाटला आणि तोंडात रक्त आलं. मग मी ओढलं नाही. तेवढ्यात टिक्याचं केकाटणं ऐकू आलं.

बांधलेला होता तो. पळता येत नव्हतं, लपता येत नव्हतं. दावं ताणून ताणून स्वतःचा गळा आवळून घेत होता आणि नाकाडावर, डोळ्यांवर, पोटाखाली माश्यांचा थर बसला होता. मी त्याच्याकडं कोपरांवर सरपटत गेले. बोटं सुजली होती, गाठ सुटेना. मी दात लावले. सुंभाच्या काथ्याबरोबर एक माशी तोंडात गेली आणि जिभेला डसली. मी रडत होते, शिव्या देत होते, आणि गाठ चावत होते. जालिंदरला नव्हे, त्या गाठीला शिव्या देत होते. पुढं मला कळलं की दोन्ही एकच होतं.

गाठ सुटली. टिक्या सुटला तो थेट उतारानं खाली. हलणाऱ्याच्या मागं माश्या लागतात. सगळा काळा ढग त्याच्या मागं वळला आणि घों घों करत दरीकडं गेला. मागं उरल्या त्या थोड्या. आत्या उठल्या, माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं आणि आम्ही सगळे कड्याच्या वळणापलीकडं धावलो.

वळणापलीकडं त्या पाच पायऱ्या होत्या. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी. वर देवळाची घंटा वाजत होती. बार ऐकून गुरव तयारीला लागला असावा.

आत्यांनी मला खाली बसवलं आणि नखानं माझ्या मानेतले काटे खरवडायला लागल्या. त्यांचं स्वतःचं तोंड भोपळ्यासारखं फुगलं होतं. मामांचा एक डोळा मिटला होता. जालिंदर सगळ्यात शेवटी आला. घोंगडी अंगावर तशीच. हाताच्या पाठीवर चार-दोन गांधी उठल्या होत्या, बाकी चेहरा सकाळी होता तसाच. त्या चेहऱ्याकडं सगळ्यांचं लक्ष गेलं.

मामांनी तंबाखूचा चुना काढून गालाला लावला आणि म्हणाले, "घोंगडं तेवढं झ्याक सांभाळलंस की रं."

ते हसले. आम्ही कुणी हसलो नाही. जालिंदरच्या मानेची शीर तटतटली. तो घोंगडीची घडी घालायला लागला, पण ती त्याला घालता येईना.

आणि नेमका तेव्हा टिक्या आला. कसा परत चढला कोण जाणे. डोळे सुजून बंद, जीभ बाहेर, वासानं माग काढत आला होता. माझ्याकडं येता येता त्याचं अंग जालिंदरच्या पोटरीला लागलं.

"ह्येच कुत्रं," जालिंदर म्हणाला. "ह्याच्या भुंकण्यानं उठल्या माश्या."

"भुंकलं न्हाई त्ये," मी म्हणाले. जीभ सुजली होती, शब्द नीट येत नव्हता.

त्यानं वाटेवरची बाभळीची काठी उचलली. पहिला फटका टिक्याच्या पाठीत बसला. टिक्याला दिसत नव्हतं, कुठून आलं ते कळलं नाही, त्यानं शेपूट हलवलं. शेपूट हलवलं हो त्यानं. दुसरा फटका मागच्या पायावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. वाळकी तुरकाटी मोडावी तसा. टिक्या पडला. जालिंदर मारतच राहिला. रागानं नाही, हे मला तेव्हा दिसलं. तो मन लावून मारत होता. एका फटक्यानंतर त्यानं धोतर सावरलं, काठी हातात नीट धरली आणि पुन्हा उगारली.

मामांनी खाली ठेवलेली पूजेची पिशवी माझ्या हाताशी होती. तिच्यात पाच नारळ होते. मी उठले, पिशवीचे बंद मुठीत धरले आणि फिरवून आणली. नेम त्याच्या डोक्याचा होता. लागली मनगटाला. काठी उडून दरीत गेली. तो ओरडला आणि हात पोटाशी धरून वाकला. मी पिशवी पुन्हा उगारली. मारलीही असती. मला कुणाची भीती वाटत नव्हती, आणि असं वाटतं तेव्हा माणूस काय करील सांगता येत नाही. आत्यांनी मागून मला कवळ्यात धरलं.

"पुरं," त्या कानाशी म्हणाल्या. "पुरं, शालन."

लग्नानंतर त्या घरात कुणी मला नावानं हाक मारली नव्हती.

टिक्या खाली पडून धापत होता. मग मामा उठले. पटका झाडला, पुन्हा बांधला, नवी विडी पेटवली.

"बायकूनं हात टाकला तुज्यावर," ते पोराला म्हणाले. "देवाच्या दारात. उचल तिला. गुरव थांबलाय. देव दाखव आन घरी ने. मग काय त्ये घरी बगू."

"मी न्हाई जायाची वर," मी म्हणाले.

"तुला इचारलंय का कुणी?"

जालिंदर आला. त्यानं मला गुडघ्यांखाली आणि पाठीमागं हात घालून उचललं. मी हातपाय झाडले, पण बाजूला दरी होती आणि माझ्या अंगात विषाचा ताप चढायला लागला होता. ज्या क्षणाची मी माजघरात पडल्या पडल्या कल्पना केली होती तो हा. त्याच्या सदऱ्याला सकाळचाच खोबरेल तेलाचा वास येत होता. त्यानं पहिली पायरी चढली. दुसरी चढली. माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अगदी हळू, लाडानं बोलावं तसं म्हणाला, "घरी चल. मग दावतो."

तिसरी पायरी. चौथी.

पाचव्या पायरीवर आत्या उभ्या होत्या.

त्या कधी वर गेल्या मला कळलं नाही. कड्याला खेटून, कातळाला पाठ लावून गेल्या असतील. पायरीच्या मधोमध उभ्या होत्या. सुजलेलं तोंड, पदर खांद्यावरून ओघळलेला, आणि दोन्ही हात पसरलेले. उजवा सरळ, डावा कोपरात वाकलेला.

"बाजूला हो आई."

"खाली ठिव तिला."

"आये, बाजूला हो म्हणतो!"

"मला ढकल आन जा वर. मोकळी हाय दरी."

"येडी झालीस का गं तू?" मामा खालून गरजले.

आत्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्या माझ्याशी बोलल्या. रोज भाकरी थापताना बोलत तशाच आवाजात.

"त्यानं तुज्या कानात काय सांगितलं त्ये मला ऐकू आलं न्हाई, पोरी. पर ठावं हाय मला. घरी चल मग दावतो. व्हय ना? मलाबी ह्याच पायऱ्यांवर सांगितलं हुतं. ह्यांनी. पाचवीवर आडवं याला कुणी न्हवतं."

मामांच्या हातातली विडी खाली पडली. जालिंदर वळून बापाकडं बघायला लागला. नारळ बसलेलं त्याचं मनगट माझ्या वजनाखाली थरथरत होतं. ते सुटलं. मी पायरीवर आदळले, कातळाला धरलं आणि बसत बसत खाली आले.

"देवानं अजून बगितलेलं न्हाई तुला," आत्या वरून म्हणाल्या. "तू सुटी हायस. जा."

पुढं पंच बसले. मंगळसूत्र, मानपान, दोन्ही गावांची अब्रू, असा सगळा घोळ झाला. माझा भाऊ तर कुऱ्हाड घेऊन निघाला होता. शेवटी एकाच वाक्यावर मिटलं. आत्यांनी भर बैठकीत, डोईवरचा पदर न ढळू देता सांगितलं की जोडी देवाला दाखवलेली नाही, पाचवी पायरी ओलांडलेली नाही, गुरवाला विचारा. धारोबाच्या घरात त्यापुढं कुणाला बोलता येईना. आणखी काही वर्षांनी मी पुन्हा लग्न केलं, माझ्या मनानं, आणि नवऱ्याला आधीच बजावलं की मला उचलायच्या भानगडीत पडायचं नाही. तो अजून त्यावरून चिडवतो. टिक्या तीन पायांवर म्हातारा झाला. आत्यांना बैठकीत बघितलं ते शेवटचंच. त्यांचा उजवा हात तेव्हा झोळीत होता.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी टिक्यापाशी गेले. तो जिवंत होता. मी त्याला पदरात घेतलं, मोडका पाय लोंबू नये म्हणून पोटाशी दाबला आणि उचललं. मोठा कुत्रा, जड होता. त्यानं तोंड माझ्या मानेत खुपसलं, जिथं सगळ्यात जास्त डंख होते तिथंच. मी कड्याची वाट सोडून दुसऱ्या अंगानं, गुरं चढतात त्या वाटेनं उतरायला लागले. मागं वळून बघितलं नाही. वळले असते तर तोल गेला असता.

पहिल्या वळणापर्यंत पोचले तेव्हा वरून आवाज आला. सुकं लाकूड मोडल्यासारखा, मघाचाच. पाठोपाठ एका बाईचं ओरडणं, एकदाच, आणि अर्ध्यात तुटलेलं.

माझे पाय थांबले. टिक्यानं मानेतलं तोंड वर काढलं.

मग आत्यांचा आवाज आला. धाप लागलेला, पण खणखणीत. सगळ्या डोंगराला ऐकू जावा असा.

"थांबू नगंस गं शालन! जा!"

मी टिक्याला घट्ट धरलं आणि उतरत राहिले.